जंक्शन नावाचं बेचकं

‘जंक्शन’ला मराठीत काय म्हणतात हो? प्रश्न साधा आहे, पण दहा जणांना विचारून बघा. एखादा ‘संगम’ म्हणेल, एखादा ‘नाका’ म्हणेल आणि उरलेले आठ जण ‘जंक्शनच की!’ म्हणून मोकळे होतील. त्यात त्यांचं काही चुकलं असंही नाही. मनमाड जंक्शन, दौंड जंक्शन, भुसावळ जंक्शन ही नावं आपल्या जिभेवर इतकी बसली आहेत, की हा शब्द कधीकाळी साहेबाबरोबर बोटीतून आला होता, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आम्ही भावंडं तर जंक्शनातच वाढलो. बाबा रेल्वेत होते आणि त्यांची बरीचशी नोकरी इटारसीला झाली. मुंबईहून प्रयागराजकडे जाणारी लाइन आणि दिल्लीहून चेन्नईकडे जाणारी लाइन जिथे एकमेकींना भेटतात, ते हे इटारसी. क्वार्टरच्या बाहेर हिंदी, आत मराठी. ‘जंक्शन’ हा शब्द मात्र आत आणि बाहेर एकच. त्याला दुसरा शब्द असू शकतो, असं तेव्हा कधी मनात आलं नाही.

तो दुसरा शब्द मला भेटला तो थेट आयर्लंडमध्ये. माझी ताई गेली काही वर्षं तिथल्या लिमरिक शहरात नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले होते. डब्लिनहून लिमरिकला जाताना बऱ्याचदा मध्ये गाडी बदलावी लागते. ज्या स्टेशनवर उतरले त्याच्या पाटीवर दोन नावं होती. इंग्रजीतलं कळलं : लिमरिक जंक्शन. आयरिश भाषेतलं नाव त्याच रोमन लिपीत, पण काही केल्या वाचता येईना. अक्षरं लावून वाचलं तर ‘गभल लुइमनिघ’ असं काहीतरी होत होतं. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, “गाउल लिमनिग.” मग त्यांनी सांगितलं, की लिमनिग म्हणजे लिमरिकचं आणि गाउल म्हणजे जंक्शन. एवढं सांगून ते त्यांच्या गाडीकडे गेले आणि मी पुढच्या गाडीची वाट बघत तिथेच राहिले.

या स्टेशनची एक गंमत आहे. नाव लिमरिक जंक्शन, पण ते लिमरिकमध्ये नाही. लिमरिक तिथून चांगलं पस्तीस किलोमीटर दूर आहे. स्टेशन आहे टिपेररी जिल्ह्यात आणि टिपेररी गाव अगदी हाकेच्या अंतरावर, जेमतेम तीन किलोमीटर. भोवती हिरवीगार कुरणं, त्यात पोटं फुगलेल्या गाई आणि दक्षिणेला गॉल्टी डोंगरांची रांग. डब्लिन ते कॉर्क ही मोठी लाइन आणि लिमरिक ते वॉटरफर्ड ही दुसरी लाइन इथे जमिनीवरच, पुलाबिलाशिवाय, एकमेकींना कापून जातात. त्यातच फलाट असा विचित्र जागी बांधला होता, की मोठ्या लाइनीवरची गाडी आधी स्टेशन ओलांडून पुढे जायची आणि मग उलटी मागे येत फलाटाला लागायची! कितीतरी पिढ्यांनी हा द्राविडी प्राणायाम केला. १९६७ साली नवी वळणं टाकली, तेव्हा कुठे तो थांबला.

पण गंमत तिथेच संपते. हे स्टेशन सुरू झालं १८४८ साली. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये, म्हणजे त्याच्याही पाच वर्षं आधी. आणि १८४८ हे आयर्लंडमध्ये दुष्काळाचं साल होतं. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर करपा पडला. गरिबांचं सगळं पोट त्या एका बटाट्यावर. पुढच्या सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली होती. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात बायाबापड्यांनी खडी फोडली, तशीच तिथे उपाशी माणसांनी खडी फोडून रस्ते बांधले. त्यातले काही रस्ते म्हणे डोंगरात अर्ध्यावर जाऊन थांबतात. पुढे ना गाव, ना फाटा. काम द्यायचं म्हणून काढलेले रस्ते, ते कुठे जाणार?

दुष्काळात मेले ते आणि बोटीत बसून गेले ते, यांत आयरिश बोलणारे गरीब फार मोठ्या संख्येनं होते. म्हणजे इकडे रूळ पडत होते, स्टेशनांना इंग्रजी नावं मिळत होती आणि तिकडे ज्यांनी त्या स्टेशनांना आपल्या भाषेत काही नाव दिलं असतं, ती माणसंच नाहीशी होत होती. ‘लिमरिक जंक्शन’ हे नाव आधी आलं, इंग्रजीतून. ‘गाउल लिमनिग’ हे नंतर, भाषा वाचवायला निघालेल्या लोकांनी दिलेलं. पाटीवर आज दोन्ही शेजारी शेजारी आहेत, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं दोन्ही एकाच वयाची असतील. तशी ती नाहीत.

आता या ‘गाउल’चा अर्थ. ताईकडे पोचल्यावर मी नऊ वर्षांच्या भाचीला विचारलं, कारण तिथे प्राथमिक शाळेत सगळ्याच मुलांना आयरिश शिकवतात. मग ती मूळची आयर्लंडची असोत की आपल्याकडून गेलेली. भाचीनं आधी दोन बोटं फाकवून दाखवली. ते मला कळेना असं बघून ती पाय फाकवून उभी राहिली आणि कमरेखाली बोट दाखवून म्हणाली, “हेसुद्धा गाउल!”

“अगं, पाय नीट ठेव!” ताई स्वयंपाकघरातून ओरडली. पण भाचीचं बरोबरच होतं. गाउल म्हणजे जिथे एकाचे दोन होतात ती जागा. झाडाच्या खोडाला दोन फांद्या फुटतात ती जागा गाउल. माणसाच्या धडाला दोन पाय फुटतात ती जांघही गाउल. नदीचे दोन फाटे होतात तिथे गाउल, घराण्याची शाखा फुटते तीही गाउल. आणि जुन्या काळी छपराचा वासा तोलून धरायला टोकाशी दुबेळकं असलेलं जे लाकूड पुरायचे, तेही गाउलच. लिमरिकमध्ये तर एखाद्या डोकं खाणाऱ्या मूर्ख माणसालाही बिनदिक्कत ‘गाउल’ म्हणतात आणि ही शिवी याच शब्दातून, म्हणजे त्याच्या जांघेच्या अर्थातून, आली असं लोक सांगतात. तेव्हा त्या शहरात हा शब्द जरा जपूनच वापरावा!

लिहिताना त्यात ‘भ’चा आवाज सुचवणारी दोन अक्षरं आहेत, पण बोलताना ती विरघळून गेली आहेत. जुन्या आयरिशमध्ये हा शब्द ‘गबुल’ असा होता. त्यातला ‘ब’ आधी मऊ होऊन ‘व’कडे झुकला आणि मग नुसता ‘उ’ उरला. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. संस्कृतातल्या ‘दीप’चा मराठीत ‘दिवा’ झाला, ‘ताप’चा ‘ताव’ झाला, तो असाच. जिभेला कष्ट नकोत हा नियम सगळीकडे सारखा. फरक एवढाच, की आपण जसं बोलतो तसं लिहायला लागलो आणि आयरिश लोकांनी जुनी अक्षरं माजघरातल्या फोटोंसारखी तशीच टांगून ठेवली.

या शब्दाचे भाऊबंद युरोपभर पसरलेले आहेत. जर्मन लोक जेवणाच्या काट्याला ‘गाबेल’ म्हणतात, तो याच कुळातला. लॅटिनमध्ये ‘गाबालुस’ म्हणजे वधस्तंभ, ज्यावर माणसाला लटकवायचे ते लाकूड. हा शब्द रोमन लोकांनी केल्टिक भाषांकडून घेतला असं मानतात आणि आयरिश ही केल्टिक भाषाच. एकाच बेचक्यातून एकीकडे जेवणाचा काटा निघाला आणि दुसरीकडे फाशीचं लाकूड!

मला मात्र सर्वांत आवडले ते पक्षी. पाकोळीला आयरिशमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ होतो ‘वाऱ्यातलं बेचकं’, कारण तिची शेपूट दुभंगलेली. घराच्या वळचणीला मातीचं घरटं करणारी तिची एक लांबची बहीण आहे, तिचं नाव ‘भिंतीच्या माथ्यावरचं बेचकं’. ताईच्या घरामागच्या वळचणीला ते घरटं होतं. भाची रोज शाळेतून आली, की आधी मान वर करून घरट्याकडे बघायची आणि मगच दप्तर टाकायची.

गावांच्या नावांतही हा शब्द लपून बसलेला आहे. आयर्लंडमध्ये अॅडरगूल, अॅड्रिगोल अशी नावं जागोजाग भेटतात. १८६९ साली पी. डब्ल्यू. जॉइस यांनी आयरिश स्थळनामांवर मोठं पुस्तक लिहिलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या नावांत हे शब्द आहेत : ‘अॅडर’, म्हणजे मधे आणि ‘गाउल’. दोन प्रवाहांच्या बेचक्यातलं गाव. आपल्याकडे ‘दुआब’ म्हणतात त्यातलाच प्रकार, फक्त छोटा.

यातलं मेयो परगण्यातलं अॅडरगूल जगाला ठाऊक आहे ते वेगळ्याच कारणानं. नेफिन डोंगराच्या पायथ्याच्या या परगण्यातले चौदा जण ११ एप्रिल १९१२ रोजी क्वीन्सटाउन बंदरात, ज्याला आता कोव्ह म्हणतात, टायटॅनिकवर चढले. कुणी बहिणीकडे निघालं होतं, कुणी मोलमजुरी शोधायला, सगळे अमेरिकेला. त्यातले अकरा बुडाले, तिघी वाचल्या. एवढ्याशा वस्तीतली अकरा माणसं एका रात्रीत! आजही दर वर्षी त्या रात्री तिथल्या चर्चची घंटा वाजवतात. गावाचं नाव सांगतं की आम्ही दोन प्रवाहांच्या मधले आणि गावची पोरं तर दर पिढीला तिसराच प्रवाह धरून समुद्रापार निघून जायची. दुष्काळानंतर सुरू झालेलं हे जाणं कितीतरी दशकं चालूच राहिलं.

तुम्ही म्हणाल, ही बाई विषयाला फाटे फोडते आहे. खरंय. पण विषयच फाट्याचा आहे, त्याला मी काय करू?

गाउल हा काही आयरिशमधला एकटा शब्द नाही. रस्त्याच्या जंक्शनला ते ‘अकोल’ असंही म्हणतात. ते मूळ ‘जोडणं’ या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलं. भाचीनं हा शब्द सांगितला, तेव्हा मला आपलं अकोला आठवलं आणि ते स्वतःच जंक्शन आहे या योगायोगाची गंमत वाटली. नुसता योगायोग बरं का, नात्यागोत्याचा संबंध काही नाही. पण गाउल आणि अकोल यांत एक बारीक फरक आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. अकोल म्हणणाऱ्याला रस्ते जुळताना दिसतात, गाउल म्हणणाऱ्याला ते फुटताना. जागा तीच. गाडीत बसून येणाऱ्याला दोन रूळ एक होताना दिसतात आणि जाणाऱ्याला एकाचे दोन.

चार रस्त्यांच्या चौकाला ‘क्रॉसरा’ म्हणतात. खेड्यापाड्यांत पूर्वी उन्हाळ्याच्या संध्याकाळी तरुण मुलंमुली अशा चौकात जमून नाचायची. आपल्याकडे तिठ्यावर उतारे टाकतात, त्यांच्याकडे तिथे फिडल वाजायचं! पुढे पाद्री मंडळींनी नाकं मुरडली, १९३५ साली सार्वजनिक नाचांवर परवान्याचा कायदा आला आणि चौकातला तो नाच मागे पडत गेला. हाच ‘क्रॉसरा’ शब्द एका माणसानं टोपणनाव म्हणून घेतला. डेरेक क्रोझियर हे त्यांचं नाव. १९४३ सालापासून ते ‘आयरिश टाइम्स’ या दैनिकाची शब्दकोडी रचत होते, तेही बरीच वर्षं आयर्लंडमध्ये नाही तर आफ्रिकेत, आजच्या झिंबाब्वेमध्ये राहून. २०१० साली ते गेले तोवर हे काम चालूच होतं. क्रोझियर हे आडनाव, क्रॉसवर्ड हा धंदा आणि क्रॉसरा म्हणजे चौक, अशी तिहेरी कोटी त्यांनी एका सहीत बसवली. आपल्या अंकातलं कोडं दर आठवड्याला सोडवणाऱ्या वाचकांना या माणसाची थोरवी वेगळी सांगायला नको.

आणि मग रस्ता. रस्त्याला आयरिशमध्ये म्हणतात ‘बोहर’ आणि तो शब्द निघाला आहे ‘बो’पासून. बो म्हणजे गाय. लिमरिक जंक्शनपासून काही अंतरावर कॅशेल नावाचा गड आहे. तिथे कॉर्मक नावाचा राजा होऊन गेला, जो बिशपही होता. तो ९०८ साली लढाईत मारला गेला. त्याच्या नावावर एक जुना शब्दकोश आहे आणि त्यात या रस्त्याचं माप दिलं आहे. एक गाय उभी आणि एक गाय आडवी मावली पाहिजे आणि त्यांच्याबरोबर त्यांची वासरंही, तर त्याला बोहर म्हणायचं! हजार वर्षांपूर्वीचं सार्वजनिक बांधकाम खातं म्हणा ना.

या ‘बो’चं आणि आपलं मात्र खरंखुरं नातं आहे. आयरिश ‘बो’ आणि संस्कृत ‘गो’ हे दोन्ही शब्द एकाच आदिम मुळापासून निघाले, याबद्दल भाषाशास्त्रज्ञांत दुमत नाही. म्हणजे टिपेररीच्या कुरणातली ती गाय आणि आपल्या गोठ्यातली गाय या शब्दापुरत्या तरी सख्ख्या बहिणी. हे मी भाचीला सांगितलं, तेव्हा तिनं डोळे मोठे करून विचारलं, “म्हणजे आजी आयरिश बोलते?”

हसू आलं, पण त्या प्रश्नानं ताईच्या मनातलं बाहेर काढलं. रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, “शाळेत आयरिश, मैत्रिणींत इंग्रजी. मराठी उरते कुठे, तर मी ड्यूटीवरून आल्यावर तिला रागवते तेवढी. रागवायची भाषा होऊन बसली आहे गं मराठी.”

मी काय बोलणार? तिकडच्या आयरिशची गतही फारशी वेगळी नाही. १९३७च्या राज्यघटनेनं आयरिशला पहिली राजभाषा केलं आणि इंग्रजीला दुसरी. त्याआधी १८९३ सालापासूनच डग्लस हाइड आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘कॉनरा ना गेलगे’ ही संस्था काढून गावोगाव भाषेचे वर्ग चालवले होते. युरोपियन युनियननं २००७ मध्ये तिला अधिकृत भाषा केलं आणि २०२२ पासून तिथलं कामकाज पूर्णपणे तिच्यातही होऊ लागलं. सरकारी मान म्हणाल तर मराठीनं हेवा करावा असा. आणि प्रत्यक्षात? २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश येते असं सांगितलं. पण शाळा-कॉलेज वगळून रोज ती बोलणारे निघाले फक्त ७१,९६८. एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावात मावतील एवढे! ताईच्या दवाखान्यातल्या सहकारी सांगतात, की शाळेत इतकी वर्षं शिकूनही त्यांना चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. पण पाटीवरचं आयरिश नाव कुणी काढायचं म्हटलं, तर याच बायका रस्त्यावर उतरतील, हेही त्यांनीच हसत हसत सांगितलं.

म्हणून मला वाटतं, की ‘जंक्शन’ न म्हणता ‘गाउल’ म्हणायची त्यांना जेवढी गरज होती, तेवढी आपल्याला नव्हती. आपण काय केलं बघा. आगगाडी आली, तेव्हा आपल्या लोकांना तिच्यातली आग दिसली, म्हणून तिचं नाव ठेवलं ‘आगगाडी’. समुद्रावरची ती ‘आगबोट’. आयरिशांना लोखंड दिसलं, म्हणून त्यांनी रेल्वेला ‘इअर्नरोड’, म्हणजे लोखंडी रस्ता म्हटलं. आपल्याकडचे ‘लोहमार्ग पोलीस’ आहेत ना, तोच अर्थ. स्टेशन मात्र त्यांनीही इंग्रजीतूनच घेऊन ‘स्टाशून’ केलं. तेव्हा ते काही सोवळ्यातले नाहीत. आपणही स्टेशन, तिकीट, सिग्नल, जंक्शन सगळं खुशाल घेतलं आणि तरी मराठी मोडली नाही. रस्त्यावर तर एसटीच्या कंडक्टरला कुणी शिकवायला गेलं नव्हतं. तो आपला ‘फाटा’ म्हणतो. आडगावचा माणूस आजही फाट्यावर उतरतो, तिठ्यावर वाट बघतो, नाक्यावर चहा पितो आणि भांडण चव्हाट्यावर आणतो. भरल्या घरात चार पाहुणे आले तर कुणाची अडचण होत नाही. पण घरात दोनच माणसं उरली असतील तर पाहुणेच घर चालवू लागतात.

मग इटारसीच्या क्वार्टरमधली आमची मराठी कुठली? आणि लिमरिकमधल्या तीन माणसांच्या घरातली? महाराष्ट्रात राहून ‘भाषा कशाला मरते’ म्हणणं सोपं आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, तंजावर इथल्या मराठी घरांना विचारा. तिथे मराठीची गत थोडी तरी आयरिशसारखी असते. तिथे आईच्या तोंडून एक जुना शब्द निसटला, तर तो पुन्हा कानावर पडायला दुसरं कुणी नसतं.

लिमरिकमध्ये मराठी कानाला सुखावणारं एक नाव आहे, ते म्हणजे लिओ वराडकर. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरचा हा मुलगा २०१७ साली आयर्लंडचा पंतप्रधान झाला. २०२० पर्यंत आणि पुन्हा २०२२ ते २०२४ तो त्या पदावर होता. त्याला मराठी यायचा प्रश्नच नव्हता, आई आयरिश आणि जन्म डब्लिनचा. पण आयरिश भाषेत तो जाहीर बोलायचा. ताईच्या दवाखान्यात नवीन कुणी भेटलं, की तिला आजही विचारतात, “वराडकरांच्या गावची का?” नकाशावर वराड आणि इटारसी यांच्यात किती अंतर आहे, हे सांगायच्या भानगडीत ती पडत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही इटारसीला आईला व्हिडिओ कॉल लावला. भाचीनं आजीला कोडं घातलं : जंक्शनला मराठीत काय म्हणतात? आईनंही आधी ‘जंक्शनच की’ म्हटलं. मग भाचीनं दोन बोटं फाकवून दाखवली आणि म्हणाली, “असं असतं ते!”

“अगो, मग बेचकं म्हण की!” आई म्हणाली. आईचं माहेर रत्नागिरीकडचं. ती सुरूच झाली. गलोल बनवतात ती बेचकी. कपडे वाळत घालायची काठी दोन बेळक्यांवर ठेवतात. पाऊस संपला की खळ्यात मांडव घालायचा, त्याला पुरतात त्या मेढी. मेढ कशी हवी, तर टोकाशी दुबेळकं असलेली, म्हणजे वरचा वासा घसरत नाही. लग्नाच्या मांडवाची पहिली पुरतात ती मुहूर्तमेढ. जुन्या आयरिश घरातलं छप्पर तोलणारं ‘गाउल’ ते हेच! ताईच्या लग्नात मुहूर्तमेढ मीच धरली होती आणि ‘मुहूर्तमेढ रोवली’ हा वाक्प्रचार तर बातम्यांत आठवड्यातून एकदा तरी लिहिते. तिच्यातलं ते दुबेळकं मात्र या निमित्तानं पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं.

भाचीनं मेढ, तिठा, फाटा आणि बेचकं हे चारही शब्द वहीत लिहून घेतले. देवनागरीत, वाकड्यातिकड्या अक्षरांत. ‘बेचकं’ तिला सगळ्यांत आवडलं. दुसऱ्या दिवशी मला सोडायला सगळे गाडीतून आले होते. लिमरिक जंक्शनला डब्लिनची गाडी यायला वीस मिनिटं होती. भाची पाटीपुढे उभी राहिली, आधी आयरिश नाव वाचलं, मग इंग्रजी आणि मग फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “लिमरिकचं बेचकं!”

बाकावर बसलेल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. त्यातल्या एकीनं ताईला विचारलं, “हे आयरिश आहे का?”